‘शेवटचा उपाय’ म्हणे!

आमच्या घरातलं कालनिर्णय कधी रद्दीत गेलं नाही. दुधाच्या हिशेबाच्या शेजारी आई लाल पेनाने छोटी फुली मारायची. फुली म्हणजे त्या दिवशी दादाला फिट आली. दोन फुल्या म्हणजे दोनदा. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून लोखंडी ट्रंकेत. पुढे एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “फिट्सची काही नोंद ठेवलीय का?” आईने पिशवीतून सतरा कालनिर्णय काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर बराच वेळ पानं उलटत राहिले. महिन्याला सरासरी चार फुल्या. चार गुणिले बारा गुणिले सतरा. ८१६.

मग त्यांनी विचारलं, “इतकी वर्षं इकडे का आला नाहीत?”

आई म्हणाली, “ऑपरेशन हा शेवटचा उपाय असतो असं सांगितलं होतं.”

हा लेख त्या एका वाक्याच्या विरोधात आहे.

*

दादाच्या फिट्स सिनेमात दाखवतात तशा नव्हत्या. जमिनीवर कोसळणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस, हे क्वचित व्हायचं. एरवी त्याला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटायचं आणि कारण नसताना भीती. “येतंय,” एवढंच म्हणायचा. मग नजर थिजायची, तोंड चघळल्यासारखं हलायचं, उजवा हात ताठ व्हायचा आणि डावा हात शर्टाचं बटण चाचपत राहायचा. दीड-दोन मिनिटांत सगळं थांबायचं. पण त्यानंतर बराच वेळ त्याला शब्द सापडायचे नाहीत. पाण्याला ‘पाणी’ म्हणतात हे आठवायचं नाही, नुसतं बोट दाखवायचा.

शाळेत सर म्हणायचे, “तंद्री लागते याला.” आत्या म्हणाली, “बाहेरचं आहे.” देवरशी झाला, अंगारा झाला, हातात किल्ल्या झाल्या, कांदा आणि चप्पल हुंगवून झाली. फिट तशीही दोन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय मात्र कांद्याला मिळायचं.

तुम्ही स्मार्टफोनवर वाचणारे लोक आहात, देवरशावर तुम्ही हसाल. हसा. पण देवरशाने आमचं एक वर्ष घेतलं. बाकीची वर्षं सुशिक्षित, समंजस, काळजीपोटी बोललेल्या ‘शेवटचा उपाय’ या दोन शब्दांनी घेतली. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

*

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. अपस्मार असलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य औषधं नियमित मिळाली तर त्यातले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या गोळ्या लागू पडत असतील तर त्या चालू ठेवा. हा लेख वाचून कोणी एकही गोळी बंद करू नये. अचानक गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.

मी बोलतेय ते उरलेल्या तीस टक्क्यांबद्दल. आणि तिथे गणित फार निष्ठुर आहे.

२००० साली ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कधीच औषध न घेतलेले ४७० रुग्ण त्यात होते. पहिल्याच औषधाने २२२ जणांच्या फिट्स थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी ६७ जणांच्या. दोन औषधं एकत्र देऊन आणखी १२ जणांच्या. आकडे पुन्हा वाचा. २२२, ६७, १२. पहिली दोन औषधं हरली की पुढच्या औषधांकडून पूर्ण सुटका होण्याची शक्यता झपाट्याने घसरते.

म्हणूनच २०१० मध्ये इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने व्याख्या ठरवली. योग्य निवडलेली, योग्य प्रमाणात दिलेली, रुग्णाला सोसलेली दोन औषधं देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तो औषधाला दाद न देणारा अपस्मार. पाच नाही, सात नाही. दोन.

दादाचं दुसरं औषध हरलं तेव्हा तो १३ वर्षांचा होता. ऑपरेशन झालं तेव्हा २८.

मधल्या पंधरा वर्षांत काय झालं? तिसरं औषध. चौथं. पाचवं. एका औषधाने हिरड्या सुजल्या. एकाने वजन वाढलं. एकाने तो वर्गात बसल्या बसल्या झोपायचा. आमचे डॉक्टर वाईट नव्हते. फी कमी घ्यायचे, रात्री फोन उचलायचे. दर वेळी नवी चिठ्ठी लिहिताना म्हणायचे, “अजून औषधं आहेत ना आपल्याकडे. डोक्याला हात लावायचा तो अगदी शेवटी.” घरी सगळ्यांना हायसं वाटायचं. मलाही. कुणाला हवंय दादाचं डोकं उघडलेलं?

*

‘शेवटचा उपाय’ या शब्दांतली मेख इथे आहे. ऑपरेशनला धोका आहे आणि थांबण्याला काही धोका नाही, असं ते आपल्याकडून नकळत वदवून घेतात. आपण तराजूच्या एकाच पारड्यात वजन टाकतो आणि म्हणतो, बघा, किती जड आहे.

दुसऱ्या पारड्यात काय असतं ते मी सांगते. दादाला आयटीआयला वायरमनचा कोर्स करायचा होता. शिडी आणि वीज, नाही म्हणाले. लायसन्सच्या फॉर्मवर अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो, तिथे गाडी संपली. विहिरीवर पोहणं बंद. चहा करताना फिट आली आणि मनगटावर उकळतं दूध सांडलं, त्याचा व्रण अजून आहे. मित्र कमी झाले, कारण तो मध्येच हरवायचा आणि परत आल्यावर सगळे त्याच्याकडे बघत असायचे. किशोरवय आणि विशी, म्हणजे माणूस शिकतो, पडतो, प्रेमात पडतो, पैसे कमवायला लागतो ती सगळी वर्षं, तो कुणाच्या तरी नजरेखाली होता. बाथरूमची कडी लावायची नाही, हा आमच्या घरातला नियम होता. पंचवीस वर्षांच्या पुरुषाला.

आणि एक गोष्ट आमच्याशी कोणीच बोललं नव्हतं. अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये दर वर्षी साधारण हजारात एकाचा अचानक मृत्यू होतो. अनेकदा झोपेत, मागे कुठलंही दुसरं कारण सापडत नाही. फिट्स आटोक्यात नसतील, विशेषतः सर्वांगाला झटके येणाऱ्या, तर हा धोका कितीतरी वाढतो. म्हणजे ‘अजून थोडं थांबू’ हासुद्धा एक निर्णय असतो, आणि त्यालाही मृत्यूदर असतो. फक्त त्यासाठी कुणी संमतीपत्रावर सही घेत नाही.

*

पुरावा हवा? पुरावा आहे, आणि तो मिळाला कसा हेच अंगावर काटा आणतं.

२००१ साली कॅनडातल्या लंडन या शहरातल्या सॅम्युएल वीब आणि सहकाऱ्यांनी टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागातून येणाऱ्या अपस्मारावर चाचणी केली. ८० रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. ४० जणांना ऑपरेशनच्या वाटेने नेलं, ४० जण वर्षभर औषधांवर राहिले. वर्षानंतर ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के लोक शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते. औषधांच्या गटातले ८ टक्के. या वर्षात एक मृत्यू झाला. तो औषधांच्या गटात.

२०१७ साली आपल्याच दिल्लीच्या एम्समधून तसाच अभ्यास आला, या वेळी १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर. वर्षभराने ऑपरेशन झालेल्या गटात ७७ टक्के मुलं फिट्समुक्त. औषधांच्या गटात ७ टक्के.

आता तुम्ही विचाराल, अर्ध्या रुग्णांना वर्षभर ऑपरेशनपासून लांब ठेवणं नैतिक कसं? उत्तर असं की या दोन्ही ठिकाणी एरवीही वाट पाहावी लागतच होती. मुद्दाम कुणाला थांबवायची गरजच नव्हती. प्रतीक्षायादी हाच दुसरा गट होता. जगातल्या एका मोठ्या वैद्यकीय प्रश्नाचं उत्तर आपल्याला मिळालं, कारण माणसं रांगेत उभी होती आणि रांगेतल्या माणसांचं काय होतं ते कुणीतरी मोजलं.

माझा दादा अशाच एका रांगेत होता. त्याला माहीत नव्हतं की ती रांग आहे.

*

समोरची बाजू मला ठाऊक आहे. ती मी हलक्यात घेत नाही.

पहिला आक्षेप: मेंदू म्हणजे माणूस. तो कापला तर माणूस बदलेल. या भीतीला एक चेहरासुद्धा आहे, हेन्री मोलेसन. १९५३ साली अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या फिट्ससाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला टेम्पोरल भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गेला. फिट्स कमी झाल्या, पण २००८ मध्ये मरेपर्यंत हेन्रीला नवी आठवण साठवता आली नाही. ही शोकांतिका खरी आहे. पण तिच्यातूनच शास्त्र शिकलं. आज दोन्ही बाजूंना हात लावत नाहीत. एका बाजूला हात लावण्याआधी भाषा कुठल्या बाजूला आहे, स्मृती कुठली बाजू सांभाळते, हे तपासतात. १९५३ च्या चुकीवरून आजचं ऑपरेशन नाकारायचं तर त्या काळातल्या बऱ्याच शस्त्रक्रिया नाकाराव्या लागतील.

दुसरा आक्षेप: धोका आहेच ना? आहे. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, क्वचित पक्षाघात. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनात मृत्यू एक टक्क्याहूनही बराच कमी, पण शून्य नाही. बोलण्याच्या बाजूचा भाग काढला तर शब्दांची स्मृती उतरू शकते. दृष्टीच्या वरच्या कोपऱ्यातला तुकडा जाऊ शकतो. एम्सच्या त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या ५७ मुलांपैकी १९ जणांना गंभीर त्रास झाले, त्यातल्या १५ जणांना अंगाच्या एका बाजूला कमजोरी आली. मेंदूचा अर्धा भाग अलग करण्यासारख्या मोठ्या ऑपरेशनांत अशी कमजोरी बहुधा आधीच अपेक्षित असते, आणि आईवडिलांना ती आधी सांगितली जाते. हे आकडे लपवून कुणी ऑपरेशन विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

तिसरा आक्षेप सगळ्यात रास्त आहे: सगळ्यांना ऑपरेशन चालत नाही. बरोबर. फिट्स मेंदूच्या एकाच जागेतून सुरू होत असतील, ती जागा सापडली, आणि ती काढल्याने बोलणं, चालणं, लक्षात ठेवणं फार बिघडणार नाही अशी खात्री पटली, तरच. आनुवंशिक कारणांनी संपूर्ण मेंदूतून एकदम उठणाऱ्या फिट्सना हा उपाय नाही.

पण मग हे ठरवायचं कुणी? गल्लीतल्या काकांनी? मेडिकलवाल्याने? एक साधा ईईजी आणि ‘नॉर्मल’ लिहिलेला एमआरआय बघून? तपासणीला पाठवणं म्हणजे ऑपरेशन करणं नव्हे, एवढा साधा फरक आपण करत नाही. २०२२ मध्ये त्याच जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी शिफारस केली, की औषधं दाद देत नाहीत असं दिसताच ७० वर्षांपर्यंतच्या प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनासाठी पाठवावं. किती वर्षं आजार आहे, पैसे किती आहेत, हे न बघता. कापायला नव्हे. बघायला.

दादाचं ‘बघणं’ असं झालं. डोक्यावर पंचवीसेक वायरी चिकटवल्या, समोर चोवीस तास कॅमेरा, आणि गोळ्या हळूहळू कमी केल्या. फिट यावी म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा आमचं घर फिटची वाट बघत होतं. तिसऱ्या रात्री आली. आई फुली मारायला पेन शोधत होती आणि नर्स म्हणाली, “राहू द्या मावशी, मशीनने लिहिलंय.” नव्या एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला, व्रण पडलेला दिसला. अकरा महिन्यांचा असताना दादाला तापात खूप वेळ चाललेली आकडी आली होती, अशा आकडीनंतर काहींच्या बाबतीत असा व्रण पुढे दिसतो. ही गोष्ट आई पहिल्या दिवसापासून प्रत्येक डॉक्टरला सांगत आली होती. सोळाव्या वर्षी काढलेला एमआरआय नॉर्मल होता, कारण अपस्मारासाठी लागतात तसे बारीक छेद त्यात घेतलेच नव्हते.

*

आता आपल्याबद्दल. फक्त डॉक्टरांना झोडपून मोकळं होणं सोपं आहे.

आपण हा आजार लपवतो, आणि लपवलेल्या आजाराला चांगला उपचार मिळत नाही. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख १९९९ पर्यंत होता, वेडाच्या शेजारी. ती दुरुस्ती होऊन पाव शतक झालं. कायद्याने शब्द खोडला, स्थळं बघणाऱ्यांनी नाही. मुलगी असेल तर गोळ्या पावडरच्या डब्यात. लग्नाच्या धावपळीत दोन दिवस गोळ्या चुकतात, जागरण होतं, आणि सासरी पहिल्याच आठवड्यात फिट. मग ‘फसवलं’ हा शब्द. आणि ज्या घरात आजाराचं नाव घेता येत नाही, त्या घरात ‘मेंदूचं ऑपरेशन’ हे शब्द कोण उच्चारणार? डोक्यावरचा व्रण केसांखाली झाकतो, पण गावाला कळतं. म्हणून ‘शेवटचा उपाय’ आपल्याला आवडतो. त्यात लपवायला वेळ मिळतो.

दुसरं, आपल्याला वाटतं हे सगळं परदेशातलं, श्रीमंतांचं, नवं. नवं? लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सलीने १८८६ साली एका २२ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवरचा जुना व्रण काढून त्याच्या फिट्सवर इलाज केला. माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड रुग्णांना जागं ठेवून, त्यांच्याशी बोलत बोलत ऑपरेशन करायचा, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही. त्याच माँट्रियलमध्ये शिकून आलेल्या जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला, आणि तिथे १९५० च्या दशकातच अपस्मारावर शस्त्रक्रिया झाल्या. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून हा कार्यक्रम सलग चालू आहे, सरकारी संस्थेत. मुंबईत महापालिकेच्या केईएममध्ये ही ऑपरेशनं होतात. विद्या आपल्याकडे आहे. पण रुग्णांच्या मानाने अशी केंद्रं अगदी थोडी आहेत, आणि तालुक्यातून तिथपर्यंत चिठ्ठी लिहिणारा हात त्याहून दुर्मिळ.

ही चिठ्ठी न लिहिणं हा हलगर्जीपणा आहे, हे म्हणायला आपण कचरू नये. हृदयाची नळी तुंबलेल्या माणसाला पंधरा वर्षं गोळ्या बदलून देत बसलेल्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

*

दादाच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली. चमत्कार सांगत नाही. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं त्याला नीट दिसत नाही, दाराच्या चौकटीला डोकं लागतं. नावं आठवायला वेळ लागतो, चुलत भावाला तो परवा ‘ते आपले हे’ म्हणाला. एक गोळी अजून चालू आहे. पहिल्या वर्षी तो खूप उदास होता. आम्हाला वाटलं होतं, तो आनंदाने नाचेल. तो मात्र खिडकीत बसून राहायचा.

एकदा मी विचारलं तर म्हणाला, “फिट्स गेल्या ते बरंच झालं गं. पण हे तेराव्या वर्षी झालं असतं तर मी कोण असतो, तेच डोक्यातून जात नाही.”

याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. मला एवढंच माहीत आहे, की हा प्रश्न आणखी कुणाला पडू नये यासाठी एका साध्या प्रश्नाची गरज आहे, आणि तो तुम्ही विचारू शकता. तुम्हाला, भावाला, मैत्रिणीला, हॉस्टेलच्या रूममेटला फिट्स येत असतील, तर औषधांची नावं मोजा. दोन नियमित घेऊनही फिट्स येत असतील, तर पुढच्या वेळी चिठ्ठी हातात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: “शस्त्रक्रियेसाठी तपासणी करणाऱ्या केंद्राकडे मला कधी पाठवताय?” पाठवायची गरज नसेल तर कारण विचारा. कदाचित खरंच गरज नसेल, आणि ते तुम्हाला समजावून सांगतील. पण “तो शेवटचा उपाय” हे कारण चालवून घेऊ नका.

कालनिर्णय आम्ही अजूनही आणतो. आई दुधाचा हिशेब लिहिते. ट्रंकेतली सतरा कॅलेंडरं फेकू का, असं मी विचारलं तर नको म्हणाली. “कुणी विचारलं तर दाखवायला असू देत.”

म्हणून दाखवतेय.